मंगळवारचा बेत

सव्वानऊला हजेरी.
म्हणजे पडद्यावर नऊ चौकोन,
त्यातला एक काळा.
फर्गसकडे जनरेटर उशिरा सुरू होतो,
तोवर नुसता आवाज येतो त्याचा,
आणि आवाजामागे कोंबडा.

साडेनऊ : अपूर्णांक.
मागच्या खेपेला मी पिझ्झा कापला होता.
लॉर्ना म्हणाली, मिस,
आमच्यापासून पिझ्झा चारशे किलोमीटरवर आहे.
पिझ्झा खोडते. पाण्याची टाकी लिहिते,
तीन अष्टमांश भरलेली.
टाकी सगळ्यांना कळते.
ती किती उरलीय त्यावर घरातल्या आंघोळी ठरतात.

सव्वादहा : वाचन, आळीपाळीने.
उपग्रहावरून शब्द परतायला पाऊण सेकंद
हे धरून.
कॅथरीनला आले त्या पहिल्या सत्रात
मला हेच जमायचं नाही.
प्रश्न विचारायचे,
आणि त्या पाऊण सेकंदात
मीच उत्तर देऊन मोकळी व्हायचे.

साडेबारा : सावली.
हे मी तीन आठवडे मुठीत धरून ठेवलंय.
एक मीटरची काठी, ओळंब्यात उभी,
सपाट जागेवर, कुत्र्यापासून लांब.
दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा.
जी सर्वांत आखूड, ती मोजून सांगायची.
मे महिन्यातला सूर्य उत्तरेला,
तेव्हा सावल्या सगळ्या दक्षिणेकडे पाय पसरतील.
वर नदीकाठी एल्स्पेथची बासष्टच्या आसपास,
खाली वाळवंटाच्या उंबऱ्यावर क्लेमची
ऐंशी सेंटिमीटरच्याही पुढे.
मग विचारणार : काठी तेवढीच, सूर्य तोच, दिवस तोच,
मग असं का?
आणि गप्प बसणार.
कुणीतरी आपणहून म्हणेपर्यंत.
माझा पाचवी-सहावीचा वर्ग हा असा आहे :
पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत जाताना
जमीन वाकते.

(हे वाक्य उद्या बोलायचं नाही.
मुलांच्या आधी मी बोलले की संपलं.)

दीड : चिकटकाम. झाडांची पानं, पुठ्ठा, डिंक.

इथवर आले, आणि टॅम्सिनच्या आईचा निरोप आला.
रात्री नऊ चाळीसला.
"शिकवणीची मुलगी शुक्रवारी नोकरी सोडून गेली.
गुरं गोळा करायचं काम आजपासून लागलं.
अकरा गड्यांचा स्वयंपाक, दोन धाकटी.
टॅम्सिन जमेल ते करील.
फक्त डिंकाचं काही पाठवू नका."

मला आधी हसू आलं.
मग मी माझाच कागद पहिल्यापासून वाचला
आणि उजवीकडचा रकाना मोजला :
मोठ्यांनी मोजमाप तपासावे.
मोठ्यांनी काठी धरावी.
मोठ्यांनी फोटो काढून पाठवावा.
सात वेळा.
मुलांचा दिवस आखते आहे असं समजत
मी दर रात्री
एका न पाहिलेल्या बाईचा दिवस आखत होते,
जिचे हात पहाटे चारपासून कणकेत आहेत
आणि जिला मी दर शुक्रवारी
तारांकित अक्षरांत "धन्यवाद" पाठवते.

चिकटकाम खोडते.
काठी धरायला माणूस नको :
पत्र्याचा डबा वाळूने भरायचा, त्यात केरसुणीचा दांडा.
ओळंब्याला दोरा आणि एक नट.
नट तिथे प्रत्येक खिडकीत पडलेले असतात.
फोटो नको. आकडा तोंडी सांगा.
चुकला तरी चालेल,
चुकलेला आकडा आलेखात सगळ्यांत आधी दिसतो,
त्यावर बोलू.

दीड ते अडीच : (मोकळं.)
मुख्याध्यापक विचारतील, मोकळं म्हणजे काय.
म्हणजे क्लेम ट्रॅक्टरखाली शिरेल,
एल्स्पेथ काहीच करणार नाही,
टॅम्सिन बहुतेक बटाटे सोलेल,
आणि तीन अष्टमांश पोतं संपलं असं
बुधवारी मला सांगेल,
किंवा नाही सांगणार.

उजवा रकाना अख्खा पुसला.
कागद एकांगी दिसतोय आता,
जणू काही छापताना सरकला.
तसाच पाठवते.

टॅम्सिनच्या आईला काय लिहावं?
"मिळालं" एवढं लिहिलं.
मग त्याखाली : डिंक काढला.
पाऊण सेकंद थांबले.
पलीकडे दिवा विझलेला असणार.